घरातल्या सशांच्या ट्रेमध्ये सॉ मिलचा भुसा घातला तर चालेल का? सोलापुरात स्वस्त आणि सुरक्षित काय मिळेल?

भुसा नको, आणि मांजराचं गोळे होणारं लिटर (लघवी शोषायला ट्रेमध्ये घालतात तो माल) तर अजिबात नको. तुम्ही लिहिलंय की फ्लॅटमध्ये दोन मोठे ससे आहेत, दुकानातलं लिटर परवडत नाही आणि ओळखीच्या सॉ मिलमधून भुसा फुकट मिळतोय. तुमच्यासाठी सगळ्यात चांगली सोय म्हणजे वर्तमानपत्राची रद्दी आणि तिच्यावर सुकं गवत.

मांजर ट्रेमध्ये जातं, उरकतं आणि बाहेर येतं. ससा तिथेच बसून गवत खातो, खाता खाता लेंड्या टाकतो आणि तोंडाला लागेल ते कुरतडतो. त्यामुळे ट्रेमध्ये जे घालाल ते थोडंफार पोटात जाणार, हे धरूनच चाला.

खात्री करायची असेल तर मांजराचं लिटर चमचाभर वाटीत घ्या आणि त्यावर थोडं पाणी टाका. थोड्याच वेळात त्याचा चिकट, घट्ट गोळा होतो. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आतड्यात असा गोळा अडकला तर तो जिवावर बेततो. सिलिकाचे खडे आणि सुगंधी लिटरही टाळा.

भुशाचा त्रास वेगळा. ससा नाकानेच श्वास घेतो आणि बारीक धूळ थेट नाकात जाते. शिवाय मिलमधला भुसा एका लाकडाचा नसतो. सागवान, बाभूळ, कधी प्लायवूडचा डिंक लागलेला चुरा, सगळं एकत्र. पाइन-देवदाराच्या कच्च्या, वासाच्या तासणीतली द्रव्यं सशाच्या यकृतावर ताण आणतात.

शेंगांची टरफलं आणि मक्याची बुरकुंडं दमटपणात लवकर बुरशी धरतात. कडब्याचं धाट टणक, ते लघवी शोषत नाही. आपल्याकडे जुने टॉवेल घरोघरी असतात म्हणून तेही अंथरले जातात, पण टॉवेलच्या फाशांत सशाची नखं अडकतात आणि चावलेलं सूत पोटात गुंता करतं. यंत्रमागावरचं वेस्ट सूत त्याहून वाईट.

आता ट्रे कसा भरायचा ते सांगते. ट्रे प्लॅस्टिकचा घ्या, साधारण १८ × १४ इंच, कड ४-५ इंच. दोन ससे एकत्र बसत असतील तर याहून मोठा टब घ्या. लोखंडी घमेलं लघवीने गंजतं. तळाला वर्तमानपत्राचे ८-१० थर सपाट घाला. त्यावर इंचभर रुंदीचे फाडलेले तुकडे दोन इंच जाडीने पसरा. लांबच लांब पट्ट्या करू नका, त्या पायात गुंततात. चकचकीत पुरवण्या, पिना, दुकानाच्या छापील पावत्या बाजूला काढा. सगळ्यात वर, ट्रेच्या एका टोकाला, दोन मुठी सुकं गवत ठेवा. ते खायला ससा आपोआप ट्रेमध्ये बसतो आणि सवय लागते.

गवत मारवेलसारखं, हिरवट, कुबट वास नसलेलं निवडा. लसूणघासात कॅल्शियम जास्त असतं, म्हणून तो पूर्ण वाढलेल्या सशांना रोज नको. पैसे खर्च करायचेच असतील तर लिटरपेक्षा गवतावर करा, असं माझं ठाम मत आहे.

सवय लावताना ससा स्वतः जो कोपरा निवडतो तिथेच ट्रे ठेवा आणि लघवीने भिजलेला एक कागद व चार लेंड्या आत टाका. चार-दोन लेंड्या बाहेर पडणारच, त्यासाठी रागावू नका.

कागद रोज बदला. उन्हाळ्यात तुम्ही कूलर लावत असाल तर त्याच्या ओलाव्याने कागद सुकत नाही आणि अमोनियाचा वास लवकर चढतो. तेव्हा दिवसातून दोनदा बदला आणि ट्रे कूलरच्या झोतात ठेवू नका. पावसाळ्यात तर हयगय नकोच. सशाच्या ओल्या ढुंगणावर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरातच अळ्या होतात, म्हणून रोज उचलून खालची बाजू पाहा.

रोजचं काम कमी करायचं असेल तर भट्टीत सुकवलेल्या शुद्ध लाकडाच्या पेलेट (भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या) घ्या. या ट्रेला २ सेंटिमीटर थरासाठी साधारण २ किलो लागतात. बॉयलरसाठीच्या पेलेट मात्र घेऊ नका, त्यांत काय काय मिसळलंय ते कळत नाही.

ट्रेवर पांढरा थर बसतो तो लघवीतल्या कॅल्शियमचा. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून १५ मिनिटं भिजवा, घासा, धुऊन उन्हात वाळवा. फिनेल वापरू नका. व्हिनेगरमध्ये ब्लीचिंग पावडर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. लघवी केशरी दिसली तर बहुधा ती खाल्लेल्या पाल्याच्या रंगद्रव्यामुळे असते. पण पेस्टसारखी घट्ट पांढरी लघवी, कुंथणं किंवा रक्ताचे ठिपके दिसले तर डॉक्टर गाठा.

ससा कागद कुरतडण्याऐवजी खरोखरच खाऊ लागला, तर आधी गवत वाढवा आणि तरीही थांबला नाही तर कागद काढून पेलेट घाला. दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी पशुवैद्याकडे न्या.

लेंड्या कुंडीत टाकता येतात, गुलाबाला किंवा कढीपत्त्याला चांगलं खत होतं. भिजलेला कागद ओल्या कचऱ्याच्या खतात जिरतो.