छज्ज्यावर उभं राहून रंग?

प्रश्न : गिरगावात आमची जुनी तीनमजली इमारत आहे. पाऊस सरल्यावर बाहेरून रंग द्यायचा आहे. मागच्या अरुंद बोळातली भिंत हाताला येत नाही. रंगारी म्हणतो, 'खिडकीच्या छज्ज्यावर उभा राहून करतो.' चालेल का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, अजिबात नको. मी रंगकामाची कंत्राटं घेतो आणि माझ्या माणसांना छज्ज्यावर पाय ठेवू देत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेनं आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. वरचा गिलावा मात्र धड दिसतो. आतूनच खालच्या बाजूला हातोडीनं हलकं ठोकून बघा. बद्द आवाज आला, तर रंगाआधी दुरुस्ती.

बोळात शिडीही नको. शिडी चार मीटर उंच टेकवायची, तर पाया भिंतीपासून एक मीटर लांब हवा. तीन मजल्यांना तेवढी जागा तुमच्या बोळात कुठली? तिथे परांचीच बांधून घ्या. फळ्या दोन्ही टोकांना आवळलेल्या हव्यात, आणि परांची भिंतीला धरलेली हवी. नुसती टेकवलेली परांची हलते.

रंगाऱ्याचा सुरक्षेचा पट्टा कमरेचा नको, खांद्या-मांड्यांतून जाणारा, आयएस ३५२१ (अशा पट्ट्यांचं भारतीय मानक) छाप असलेला घ्या. त्याची दोरी सांडपाण्याच्या पाइपाला बांधलेली दिसली, तर तिथल्या तिथे काम थांबवा. ती गच्चीवरच्या भक्कम आरसीसी खांबालाच हवी. कठड्याच्या कडेला दोरी घासते, तिथे गोणपाट घाला.

खिडकीलगतचा भाग घरात उभं राहून लांब दांड्याच्या रोलरनं होतो. बाहेर वाकायचं नाही.