टोरंटोत चांगलं चायनीज मिळतं का?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. ऑक्टोबरात तुम्ही दोघं नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन टोरंटोला निघताय. पीआर (कायमचं राहण्याची परवानगी), घरभाडं, शाळा, थंडीचे कपडे असं सगळं विचारून झाल्यावर अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय, “प्रश्न फालतू वाटेल, पण तिथे चांगलं चायनीज मिळतं का? आम्ही दर शनिवारी खातो.” बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं सरकारी संकेतस्थळांवर आहेत आणि ती माझ्यापेक्षा अचूक आहेत. या शेवटच्या ओळीचं उत्तर तिथे सापडणार नाही. आणि प्रश्न फालतू नाही. रात्रभर डोक्यात राहिला, म्हणून सकाळी कामावर जायच्या आधीच लिहायला बसले आहे.

मिळतं. उत्तर अमेरिकेत फार थोड्या शहरांत मिळत असेल इतकं चांगलं मिळतं. पण तुम्हाला कुठलं चायनीज हवंय ते आधी ठरवा, कारण इथे त्याचे निदान तीन वेगळे संसार आहेत आणि मी त्यांत चुकीच्या क्रमाने शिरले.

मी डोंबिवलीची. माझ्यासाठी चायनीज म्हणजे स्टेशनबाहेरची लाल गाडी, कढईखाली भडकलेला जाळ, त्यावर उडणारा भात, वरून चिमूटभर कच्चा कोबी आणि कांद्याची पात. बाबा मूळचे मालवणचे, पण आईने माळ घातल्यावर घरात मासे बंद झाले, अंडंही बंद झालं. शनिवारी बाबांचा हाफ डे असायचा. संध्याकाळी ते मला लायब्ररीत न्यायचे. पुस्तक बदलून झालं की गाडीवर एक चिकन फ्राइड राइस, शेजवान चटणी जास्त, चमचे दोन. घरी येताना बडीशेप. आईला हे माहीत होतं का, ते मी तिला आजपर्यंत विचारलेलं नाही.

2013 मध्ये आम्ही इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मॉलच्या फूड कोर्टात ‘चायनीज’ अशी पाटी बघून धावले. पिठात तळलेले कोंबडीचे गोळे, त्यावर लालभडक गोड पाक. हा पहिला संसार, कॅनेडियन चायनीज. आवडलं नाही म्हणून मी त्याला नावं ठेवली. पुढे कळलं की 1881 ते 1885 मध्ये इथला रेल्वेमार्ग बांधायला हजारो चिनी मजूर आणले आणि काम संपल्याबरोबर चिनी माणसावर देशात शिरण्याचा डोईपट्टी कर बसवला. आधी 50 डॉलर, 1903 पासून 500. 1923 ते 1947 तर दार जवळजवळ बंदच. जे राहिले त्यांनी गावोगावी छोटी उपाहारगृहं काढली आणि गोऱ्या गिऱ्हाईकाला रुचेल ते रांधलं. तो गोड पाक त्यातून आला आहे. मला आजही तो खाववत नाही, पण नावं ठेवायचं मी सोडलं.

दुसऱ्या संसारात शिरले ती लेकीमुळे. इथे मला शाळेबद्दल लिहावंच लागेल, तुमचा मुलगाही नऊ वर्षांचाच आहे.

नोंदणीच्या अर्जात घरी बोलली जाणारी पहिली भाषा कोणती, असा रकाना होता. मी खरं ते लिहिलं, मराठी. लेक डोंबिवलीत बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात होती, जाडजाड इंग्रजी पुस्तकं वाचत होती. तिला ईएसएलमध्ये घातलं, म्हणजे ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्या वर्गात. आठवड्यातले कितीतरी तास बाकीच्या मुलांतून उठून तिने दुसऱ्या खोलीत जायचं आणि चित्रं बघून ‘अॅपल’, ‘अंब्रेला’ म्हणायचं. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा फार गोड बोलून मला परत पाठवलं. वर्ष गेलं. अभ्यासाचं काही नुकसान झालं नाही, ती हुशारच निघाली. पण नऊ वर्षांच्या पोरीने त्यातून एवढंच घेतलं की आपण घरी मराठी बोलतो म्हणून आपल्याला त्या खोलीत बसवलं. त्यानंतर मैत्रिणींसमोर ती माझ्याशी मराठीत बोलली नाही. आता घरातही मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. तुम्हाला खोटं लिहा असं सांगणार नाही. पण पहिल्याच भेटीत शिक्षकांसमोर मुलाला पानभर वाचून दाखवायला सांगा, शाळेच्या जुन्या वह्या सोबत न्या, आणि हा वर्ग का, किती दिवस, पुन्हा तपासणार कधी, हे लेखी मागा. मी भिडस्तपणे गप्प बसले.

त्याच खोलीत लेकीला चीनमधल्या ग्वांगडाँगहून आलेली एक मुलगी भेटली. तिच्या आजीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. एका रविवारी त्या आजीने आम्हा तिघांना टोरंटोच्या उत्तरेला मार्कमला डिम समला नेलं, म्हणजे चहाबरोबर टोपल्यांतून येणारे छोटे छोटे पदार्थ खायला. मार्कम, रिचमंड हिल आणि स्कारबरोचा उत्तरेकडचा भाग, ही नावं लिहून ठेवा. 1997 मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार म्हणून त्याआधीची दहा-बारा वर्षं तिथून हजारो कुटुंबं इकडे आली, आणि त्यांच्याबरोबर उत्तम कँटोनीज आचारी आले. डाउनटाउनमधला स्पाडायना रस्त्यावरचा चायनाटाउन बघायला जरूर जा, पण जेवायला उत्तरेकडे या. स्टील्स आणि केनेडीच्या कोपऱ्यावर पॅसिफिक मॉल आहे. त्याच्या आसपास फिरलात तरी महिनाभर नवीन काहीतरी सापडत राहील.

त्या आजीने मला शिकवलं की चहा कुणी ओतून दिला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायची, तेच धन्यवाद. किटलीचं झाकण तिरकं ठेवलं की वेटर गरम पाणी भरून आणतो. कोळंबी भरलेले मोमोसारखे पारदर्शक हार गाव, तांदळाच्या लुसलुशीत गुंडाळ्या म्हणजे चेउंग फन, आणि मुळ्याचा थापून परतलेला केक. तो केक माझ्या मराठी जिभेला पहिल्या घासात आपला वाटला, कोथिंबीरवडी परततात तसा खरपूस. एक मात्र लक्षात ठेवा, डुकराचं मांस पुष्कळ पदार्थांत असतं. भाजीवर ऑयस्टर सॉस असतो आणि ‘व्हेज’ सूपचं पाणी बहुधा कोंबडीचं असतं. घरात कुणी शाकाहारी असेल तर बौद्ध शाकाहारी चिनी हॉटेलं शोधा. पारंपरिक बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही चालत नाही, त्यामुळे माझ्या माळकरी आईलासुद्धा मी तिथे निर्धास्त नेऊ शकले असते.

आणि सिचुआन. आपण ज्याला शेजवान म्हणतो तो शब्द चीनच्या या प्रांताच्या नावावरूनच आला, पण आपल्या लाल चटणीत आणि तिकडच्या जेवणात नात्यापुरती मिरची सोडली तर काही समान नाही. खऱ्या सिचुआन मापो टोफूत, म्हणजे टोफूच्या तिखट रश्शात, हुआजिआओ नावाची फळं असतात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा जीभ बधिरली, झिणझिण्या आल्या, आणि मला एकदम मालवणच्या आजीची बांगड्याची आमटी आठवली. घरी येऊन शोधलं. हुआजिआओ आणि आपलं तिरफळ एकाच कुळातले, दोन्ही झँथोझायलम. तिरफळ कोकणातून आणायचं विसरलात तर चिनी दुकानातून हे घ्या. अगदी तेच नाही, पण बांगड्याला चालतं.

2015 च्या उन्हाळ्यात बाबा चार महिने राहायला आले. आई आली नाही, तिला विमानाची भीती. पहिल्याच रविवारी मी त्यांना डिम समला नेलं. मला दाखवायचं होतं की तुमच्या मुलीला आता खरं चायनीज कळतं. टोपल्या येत गेल्या. बाबांनी एक हार गाव खाल्लं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “शेजवान चटणी नसते का गं यांच्याकडे?” मी म्हणाले, “बाबा, ते खरं चायनीज नसतं. ती आपल्याकडची नक्कल आहे.” ते “असं होय” म्हणाले आणि चहा पीत बसले.

आमच्या घरापासून गाडीने बारा मिनिटांवर एक हक्का हॉटेल होतं. मला माहीत होतं. ऑफिसातले गुजराती आणि पाकिस्तानी सहकारी तिथेच जायचे. हाच तिसरा संसार, आणि तुम्ही दर शनिवारी जे खाता ते तिथे मिळतं. मी बाबांना एकदाही नेलं नाही. इतकं अस्सल जेवण हाताशी असताना ते कशाला, असं मला वाटायचं. परत जायच्या आदल्या रात्री बॅगा भरताना बाबा म्हणाले, “इथे गाड्या नसतात, नाही का?” मी म्हणाले, “नाही.”

पुढच्या खेपेला जास्त दिवस राहता यावं म्हणून सुपर व्हिसा करायचा ठरवला. त्यात आई-वडिलांना एका वेळी काही वर्षं राहता येतं. वैद्यकीय तपासणी, आपल्या उत्पन्नाचे पुरावे, किमान 1,00,000 डॉलरचा आरोग्य विमा, हे सगळं जमवलं. अडलं ते नात्याच्या पुराव्यावर. माझ्या जन्मदाखल्यावर बाबांचं नाव एका स्पेलिंगने, त्यांच्या पासपोर्टवर दुसऱ्या स्पेलिंगने, माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, आणि लग्नानंतर माझंच नाव बदललेलं. दाखला दुरुस्त करायला बाबा स्वतः खेपा घालत होते. कधी साहेब रजेवर, कधी जुनं रजिस्टर सापडत नाही, कधी प्रतिज्ञापत्राचा मजकूर चुकला. फोनवर मी त्यांच्यावरच चिडायचे, “नीट विचारून का आला नाहीत?” सत्तरीचा माणूस मे महिन्यात रांगेत उभा होता. दाखला दुरुस्त होऊन हातात आला 2019 च्या जानेवारीत. फेब्रुवारीत बाबा गेले. मी पोचले ती तिसऱ्या दिवशी.

म्हणून निघायच्या आधी हे एक काम करा. चारही आई-वडिलांचे पासपोर्ट आणि तुमचे दोघांचे जन्मदाखले एकाच टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवून बघा. फरक असेल तर तुम्ही तिथे आहात तोवर तुम्हीच दुरुस्त करून घ्या. त्यांच्यावर सोडू नका.

एकटेपणाचंही विचारलंय तुम्ही. येतो. दोन-तीन हिवाळे जोरात असतो, मग कमी होतो. यावर मला आणखी काही सांगायचं नाही.

भारतातून परतल्यावरच्या शनिवारी मी त्या हक्का हॉटेलात एकटी गेले. गल्ल्यावर सत्तरीच्या बाई होत्या. मला बघून हिंदीत म्हणाल्या, “बेटा, अकेली? मिर्ची चलेगी ना?” त्या कोलकात्यातल्या टांगरा या चिनी वस्तीतल्या. घरचा कातडी कमावण्याचा धंदा. 1962 च्या युद्धानंतर सरकारने सुमारे 3,000 भारतीय चिनी लोकांना राजस्थानातल्या देवली छावणीत डांबलं, त्यांत त्यांचे वडील होते. सुटून आले तेव्हा धंदा मोडला होता. मग एकेक करून भावंडं टोरंटोला आली. ‘हक्का’चा अर्थ पाहुणी घराणी, हेही त्यांनीच सांगितलं. चीनमध्येही ते लोक उत्तरेकडून दक्षिणेत आलेले, म्हणून हे नाव. मी ज्याला बाबांसमोर नक्कल म्हणाले, ते या लोकांनी पिढ्यान् पिढ्या आपल्या मिरची-आल्या-लसणात रांधलेलं अन्न होतं. मंचुरियनसुद्धा कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी 1975 च्या सुमारास मुंबईत पहिल्यांदा केलं असं सांगतात, आणि आपण सगळे त्यावरच तर वाढलो. फ्राइड राइस आला. वास तोच होता. मला दोन घासांच्या पुढे खाता आलं नाही. बाईंनी काही न विचारता डबा बांधून दिला.

आता तुमच्या शनिवारचं. हक्का हॉटेलं स्कारबरोत भरपूर आहेत, मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनमध्येही आहेत. बरीचशी हलाल आहेत, डुकराचं मांस नसतं. चिली चिकन ड्राय आणि ग्रेव्ही असं वेगवेगळं मिळतं, ड्राय मागवा. चिकन पकोडा नावाचा इथला एक प्रकार आहे, तो चुकवू नका. मंचाव सूप सगळीकडे नसतं, हॉट अँड सॉर असतं. घरी करायचं तर चिंगची चटणी भारतीय दुकानात मिळते, पण घरांत बहुधा विजेच्या शेगड्या असतात, गाडीसारखा जाळ नाही. भात थोडाथोडा परता आणि आधी खिडकी उघडा, धुराचा अलार्म लगेच वाजतो.

कुठलं हॉटेल ते इथे लिहीत नाही, आचारी बदलले की चव बदलते. आल्यावर कळवा, त्या आठवड्यात जे चांगलं असेल ते सांगेन. शनिवारी सहाच्या आधी जा, नंतर जागा मिळत नाही. एक फ्राइड राइस दोघांना पुरून उरतो.