भिंतीवरचं चित्र आबालाल रहिमान यांचं असेल का?

प्रश्न: आजोबा कोल्हापूरहून नौपाड्यात राहायला आले तेव्हा एक छोटं जलरंगातलं चित्र घेऊन आले होते, रंकाळा तलाव आणि त्याच्या पाण्यातला दगडी संध्यामठ. सही नाहीये. आत्या म्हणते हे आबालाल रहिमानांचं. कोण होते हे? आणि कागदावर तपकिरी ठिपके आलेत, पुसून घेतले तर चालेल का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: आधी ठिपक्यांचं सांगते, प्लीज पुसू नका, ओल्या फडक्याने तर अजिबातच नाही. जलरंगाला पाणी लागलं की तो परत सुटतो, माझ्या आजीकडच्या एका चित्राचं निम्मं आकाश मी असंच फडक्यावर उतरवलंय, अजून वाईट वाटतं. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून आधी ते आतल्या भिंतीवर हलवा, थेट ऊन लागणार नाही असं बघा आणि कागदाचं काम करणाऱ्या कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जुनी चित्रं जपणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा, साध्या फ्रेमवाल्याला नको.

आता आबालाल. मूळचे कोल्हापूरचे, घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करायची परंपरा, म्हणजे कलमावर हात लहानपणीच बसलेला. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, 1888 मध्ये व्हाइसरॉय पदक मिळालं. एवढं झाल्यावर माणूस मुंबईतच राहून साहेबांची, संस्थानिकांची पोर्ट्रेट करत बसला असता, हे मात्र सरळ कोल्हापूरला परत गेले. शाहू महाराजांनी दरबारी चित्रकार म्हणून आधार दिला आणि ते तिथल्या कोटितीर्थ तलावाच्या काठी फकिरासारखे राहून तळी, झाडं, ढग, बदलता उजेड रंगवत राहिले. त्यांचा संध्यामठ बघाल तर दगडापेक्षा पाण्यावरचा प्रकाशच जास्त लक्षात राहतो. 1922 ला महाराज गेले आणि त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडून दिली असं कोल्हापुरात आजही सांगतात. 1931 मध्ये ते गेले. चित्र विकायच्या, नाव करायच्या मागे हा माणूस कधी लागलाच नाही आणि मला वाटतं म्हणूनच महाराष्ट्राला तो नीट माहीत नाही, याची मला खरंच खंत आहे.

तुमचं चित्र त्यांचंच आहे का? नुसत्या विषयावरून नाही सांगता येणार, कारण संध्यामठ कोल्हापूरच्या कितीतरी चित्रकारांनी रंगवलाय. एकदा ठाण्याहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरा, सकाळी कोल्हापूर, तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये त्यांची मूळ चित्रं आहेत, ती जवळ जाऊन नीट बघा. मोबाईलवर आपल्या चित्राचे फोटो असू देत, मागच्या बाजूचेसुद्धा. जुनी फ्रेम फेकू नका, मागे चिठ्ठी, दुकानाचा शिक्का असं काहीही असू शकतं. आणि आजोबांना ते कुणी दिलं, कधी दिलं, हे आत्यांना आठवतंय तोवर विचारून वहीत लिहून ठेवा, तज्ज्ञ पहिला प्रश्न हाच विचारतील.