पोच घेतलीस का?

प्रिय मुली,

गुरुवारी शिवाजी मंदिर नाट्यगृहाबाहेर तू अर्धा तास पोटतिडकीने बोललीस आणि मी मध्येच एवढंच विचारलं, "पोच घेतलीस का?" तुझा चेहरा उतरला. घरी आल्यावरही तो डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून लिहितो आहे.

संगीत क्षेत्राचं दहा वर्षांचं धोरण ठरवायला सरकारने तुम्हाला समितीवर बोलावलं. साहेबांनी मन लावून ऐकलं, चहा झाला, फोटो झाला. बैठकीचं इतिवृत्त आलं तेव्हा तुमच्या सगळ्या म्हणण्याची एकच ओळ झालेली: "सविस्तर चर्चा झाली." आता मित्र म्हणतात, समिती सोड, सरकारच्या मांडीला मांडी लावून काही होत नाही. तुझाही विचार तोच दिसला. तू तोंडी बोलून आलीस, लेखी काहीच दिलं नाहीस, मग त्यांनी इतिवृत्तात लिहायचं तरी काय?

मी व्हायोलिनवाला. सकाळी नऊला स्टुडिओत, टेक ओके झाला की व्हाउचरवर सही, पाकीट खिशात आणि पुढच्या रेकॉर्डिंगला पळायचं. गाणं कुठल्या सिनेमाचं, हेही कित्येकदा ठाऊक नसायचं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पुढे वयस्कर वादकांसाठी तरतूद मागायला आम्ही सात जण मंत्रालयात गेलो. अवर सचिवांनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "मुंबईत असे वादक किती?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. एक म्हणाला हजारभर, दुसरा म्हणाला पाच हजार तरी असतील. त्यांनी टोपण परत लावलं, टक् करून. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

माणूस वाईट नव्हता. आकडा नाही, नावं नाहीत, तर टिपणी कशाच्या जोरावर लिहिणार? पण मी भडकलो, कलेची किंमत नाही वगैरे बोललो आणि तडक बाहेर पडलो. त्यानंतर दहा वर्षं त्या इमारतीची पायरी चढलो नाही. तेवढ्यात आमच्यातले तिघे गेले. एकाच्याही कामाची यादी कुणाकडे नव्हती. म्हणून सांगतो, रागावून उठू नकोस. नोंद कर, कागद दे, पोच घे.

कायदाही नोंदच बघतो. कॉपीराइट कायदा 1957 चा. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारातही काढून घेता येणार नाही असा पक्का केला आणि गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला. वाचून आनंद होतो ना? आता पुढे वाच. सिनेमातलं ज्याचं काम किरकोळ, प्रासंगिक आहे आणि श्रेयनामावलीतही ज्याचं नाव नाही, त्याला कायदा कलावंत म्हणूनच धरत नाही. आपल्या कामाची मोडतोड करून कुणी बदनामी केली तर हरकत घ्यायचा नैतिक हक्क तेवढा उरतो, रॉयल्टी नाही. म्हणून टेक संपल्यावर नाव कुठे लिहिलं ते बघ. लाजू नकोस.

आणि "सरकार" असं मोघम बोलणं सोड. कॉपीराइट दिल्लीत, तोही 2016 मध्ये शिक्षणाच्या मंत्रालयातून वाणिज्याकडे गेला. म्हणजे तिकडच्या साहेबांना समजावलेलं सगळं इकडे पुन्हा पहिल्यापासून. ज्येष्ठ कलावंतांचं मानधन राज्याच्या सांस्कृतिक खात्यात. लाऊडस्पीकरची परवानगी पोलिसांकडे. उघड्यावर रात्री दहानंतर बंद, बारापर्यंतची सूट वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस, तीही राज्य सरकारने दिली तर. दहा वर्षांचं धोरण म्हणजे या प्रत्येक टेबलावर आपला कागद असणं. साहेब बदलतात, मंत्री बदलतात. आवक क्रमांक पडलेला कागद फाइलमध्ये राहतो आणि पुढच्या माणसाला त्याचं काहीतरी करावं लागतं.

2025 मध्ये राज्याने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्ससाठी धोरण मंजूर केलं, थेट 2050 पर्यंतचं. पंचवीस वर्षांचा विचार सरकार करतच नाही, असं म्हणायची सोय आता उरलेली नाही. आपल्याला तसं हवं असेल तर किती वादक, किती स्टुडिओ, वर्षाला किती कार्यक्रम, हे आपणच मोजून द्यायला हवं. कोण मोजणार? तूच. चिडू नकोस, तुझ्याकडे लॅपटॉप आहे आणि पाय धड आहेत.

मला लोक म्हणतात, याने व्हायोलिनचा गज खाली ठेवला आणि फायली उचलल्या. घरातही हे ऐकलं आहे. पण माझ्या वहीत आज चारशे बारा नावं आहेत, प्रत्येकापुढे वाद्य, स्टुडिओ आणि आठवतील तेवढी गाणी. ढोलकी वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या मित्राच्या मानधनाच्या अर्जाला त्याच वहीतल्या पानाची प्रत जोडली आणि अर्ज मंजूर झाला. मी आणखी वीस वर्षं वाजवत राहिलो असतो तर ते झालं असतं का? नसतं झालं. हे मी स्वतःला रोज सांगतो आणि मला ते पटलेलं आहे.

तू चांगली वाजवतेस. ते सोडू नकोस, माझ्यासारखं करू नकोस. पण महिन्यातला एक रविवार या कामाला दे.

या रविवारी सकाळी ये. इतिवृत्त घेऊन ये, त्यावर आपलं म्हणणं मुद्देसूद लिहू, सोबत वहीची यादी जोडू. सोमवारी तू स्वतः जा आणि टपाल कक्षात दे. दोन प्रती ने. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन परत आण.

तुझा,
काका