घाटात लॉक-अपचा स्विच आपल्या हाती असावा का?

प्रश्न : माझ्याकडे १९९६ सालचा, डिझेल इंजिनाचा आणि चार गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा जपानी पिकअप आहे. पावसाळ्यात संत्र्याची कलमे आणि एरवी ठिबकचे पाइप व खताच्या गोण्या भरून मी सावनेर, सौंसरमार्गे उमरानाल्याकडे फेऱ्या करतो. सिल्लेवानी घाटात ताशी ५५-६० च्या वेगाने चढताना गिअर बदलत नाही, तरी इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा तीन-चारशेने वरखाली होत राहतो आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत करपल्यासारखा वास येतो. वाडीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या मते टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अपला डॅशबोर्डवर वेगळा स्विच दिला की प्रश्न सुटेल. दोन वायरी आणि अर्ध्या दिवसाचे काम. हे करून घ्यावे का? — एक वाचक, हिंगणा रोड, नागपूर

उत्तर : आपल्या इलेक्ट्रिशियनचे निदान बरोबर आहे, मात्र त्याने सांगितलेले काम दोन वायरींत आटोपणारे नाही, आणि ते सर्वांत आधी करण्याचेही नाही.

काटा का नाचतो, ते प्रथम पाहू. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये असलेल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेला पंप ऑइल फेकतो आणि त्या ऑइलच्या जोरावर गिअरबॉक्सकडील टर्बाइन फिरते. दोघांमध्ये लोखंडी सांधा नसल्यामुळे टर्बाइन पंपापेक्षा थोडे मागे राहते. गाडी उभ्याने उचलताना हे मागे राहणे उपयोगी पडते, कारण त्या वेळी मधला स्टेटर (पात्यांचे चक्र) ऑइलची दिशा वळवून इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दुपटीच्या आसपास वाढवतो. परंतु टर्बाइनचा वेग पंपाच्या वेगाच्या जवळ आला की ही वाढ संपते आणि उरते ती निव्वळ घसर. ती घसर बंद करण्यासाठी कन्व्हर्टरच्या आतच एक क्लच असतो. तो लागला की पंप आणि टर्बाइन एकजीव होऊन फिरतात. यालाच लॉक-अप म्हणतात. हा क्लच केव्हा लावायचा आणि केव्हा सोडायचा, हे गाडीचा संगणक वेग, ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि इंजिनाचे तापमान पाहून ठरवतो. घाटात आपण पाय थोडा अधिक दाबला की संगणक क्लच सोडतो, चढ किंचित कमी झाला की पुन्हा लावतो. आपल्या काट्याचा नाच तो हाच.

खात्री करून घ्यायची असेल तर सावनेरच्या अलीकडे सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ७० चा स्थिर वेग धरावा, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला, दिवा लागेल इतपतच, स्पर्श करावा. काटा २००-३०० ने वर उडाला तर लॉक-अप लागलेले होते आणि ते आता सुटले, असे समजावे. मागे वाहन नाही हे पाहूनच हा प्रयोग करावा.

आता उष्णतेचा हिशेब. टॉर्कची वाढ थांबल्यानंतर जितकी घसर, तितक्याच प्रमाणात शक्ती वाया जाते. भरल्या गाडीने घाट चढताना इंजिन ४० किलोवॅट देत आहे आणि कन्व्हर्टर १५ टक्के घसरतो आहे असे धरले, तर ६ किलोवॅट थेट ऑइलमध्ये उतरतात. २ किलोवॅटचे तीन गिझर गिअरबॉक्सखाली एकदम चालू ठेवल्यासारखे हे झाले, आणि त्यात बाहेर मे महिन्यातला आपला नागपुरी पारा पंचेचाळिशीला टेकलेला. वास येणारच.

तरीही स्विचला हात लावण्यापूर्वी एक बिनपैशाचा उपाय करून पाहावा, असा माझा आग्रह आहे. घाटाच्या पायथ्याशीच लीव्हर २ वर आणावा आणि वेग ताशी ४५-५० ठेवावा. कन्व्हर्टरची टॉर्क पेलण्याची ताकद इंजिनाच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिन वेगाने फिरते, टर्बाइनवरचा भार हलका होतो आणि लॉक-अप नसतानाही घसर बरीच कमी होते. शिवाय पाण्याचा पंप वेगाने फिरून रेडिएटरही अधिक काम करतो. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून ‘गाडी रेस होते’ असे आपल्याकडे लगेच म्हटले जाते आणि लीव्हर पुन्हा डी वर जातो. पुष्कळ गिअरबॉक्स या एका सवयीनेच जळतात.

दुसरे काम ऑइलच्या तापमानाचा गेज बसवण्याचे. कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या पाइपवर सेन्सर लावल्यास तापलेल्या ऑइलचा खरा आकडा मिळतो. तळाच्या चेंबरमधील आकडा त्याहून सौम्य असतो. चेंबरमधले ऑइल ८० ते १०० अंशांत राहत असेल तर काळजी नाही. १२० च्या वर टिकून राहत असेल तर रेडिएटरसमोर ऑइलचा वेगळा कूलर बसवावा. गेज नसताना स्विच बसवणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे होय.

एवढे करूनही आकडा चढाच राहिला, किंवा परतीच्या उतारावर इंजिन ब्रेकिंग कमी पडत असेल, तर स्विच जरूर बसवावा. माझ्या मते त्याचा खरा लाभ चढापेक्षा उतारावर आहे. उतारावर चाकांकडून आलेला जोर ऑइलमधून इंजिनापर्यंत अर्धवटच पोहोचतो. लॉक-अप लागलेले असेल तर इंजिन गाडीला मॅन्युअल गिअरबॉक्ससारखे धरून ठेवते आणि ब्रेकचे लायनर वाचतात.

काम करताना प्रथम लॉक-अपच्या सोलेनॉइडचा (क्लचकडे जाणारे ऑइल विजेवर सोडणाऱ्या-अडवणाऱ्या व्हॉल्व्हचा) रोध मल्टीमीटरने मोजावा. आपल्या गाडीच्या काळातील अनेक जपानी गिअरबॉक्समध्ये तो ११ ते १५ ओहम भरतो. याचा अर्थ तो साधा चालू-बंद प्रकारचा असून सुमारे १ ॲम्पिअर घेतो. मग संगणक त्याला पॉझिटिव्ह देतो की अर्थ (निगेटिव्ह), हे तपासावे. जपानी गाड्यांत बहुधा पॉझिटिव्ह येतो आणि अर्थ गिअरबॉक्सच्या बॉडीतून मिळतो. कित्येक अमेरिकी ट्रकांत याच्या उलट असते, म्हणून इंटरनेटवरची आकृती जशीच्या तशी उतरवू नये. पाच पिनांचा रिले (कॉइलमध्ये वीज सोडली की जोडणी बदलणारा स्विच) घेऊन सोलेनॉइडची वायर ३० क्रमांकाच्या पिनेवर, संगणकाकडून येणारी वायर ८७ए वर आणि ५ ॲम्पिअरच्या फ्यूजमधून आलेला पॉझिटिव्ह ८७ वर जोडावा. असे केल्याने स्विच बंद असताना, किंवा रिलेची कॉइल जळाली तरीही, गाडी मूळ पद्धतीनेच चालते.

स्विच चालू असताना संगणकाला आपला सोलेनॉइड दिसेनासा होतो आणि काही गाड्यांत त्यामुळे दोषाचा दिवा लागतो. त्यासाठी दुसऱ्या रिलेच्या साहाय्याने तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर संगणकाकडून येणाऱ्या वायरीवर द्यावा लागतो. चार्जिंग चालू असताना त्यावर १५ वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते. म्हणून तो २५ वॅटचा घ्यावा आणि पत्र्यावर, प्लॅस्टिकपासून दूर बसवावा.

ज्या गोष्टीत तडजोड नको ती म्हणजे ब्रेक. ब्रेक दाबताच लॉक-अप सुटलेच पाहिजे. नाहीतर सिग्नलला थांबताना, क्लच न दाबता मॅन्युअल गाडी थांबवल्यासारखे, इंजिन धक्का देऊन बंद पडेल आणि त्याबरोबर स्टिअरिंगची पॉवरही जाईल. काही कारागीर रिलेच्या कॉइलचा अर्थ ब्रेक लाइटच्या बल्बमधून घेण्याची युक्ती करतात. बल्ब साधे असेपर्यंत ती चालते. कोणी एलईडी बसवले की बिघडते. ब्रेक लाइटच्या वायरीवर स्वतंत्र रिले घेऊन स्विचचा पुरवठा तोडणे, हेच योग्य. लॉक-अप लागल्याचे दाखवणारा एक छोटा दिवाही डॅशबोर्डवर असावा, कारण चालू राहिलेला स्विच माणूस हमखास विसरतो.

चालवण्याची पद्धतही बदलावी लागेल. हा क्लच पातळ लायनिंगचा असतो. तो घट्ट धरण्यासाठी लागणारा ऑइलचा दाब अनेक गिअरबॉक्समध्ये ॲक्सिलरेटरवर अवलंबून असतो. म्हणून स्विच लावताना पाय क्षणभर हलका करावा, क्लच लागला की हळूहळू दाबावा. लॉक-अप लागलेले असताना गिअर बदलू देऊ नये. इंजिन १५०० फेऱ्यांच्या खाली जाऊन गुदमरू लागले तर स्विच बंद करून खालचा गिअर घ्यावा. डिझेल पंपाची सेटिंग वाढवून इंजिनाचा टॉर्क चढवलेला असेल, तर मूळ क्लच तो पेलेलच असे नाही.

प्रश्न : माझा सहा गिअरचा नवा ऑटोमॅटिक पिकअप वॉरंटीत आहे. त्याला असा स्विच बसेल का? — एक वाचक, कामठी

उत्तर : बसवू नये. नव्या गिअरबॉक्समधील लॉक-अपचा सोलेनॉइड साधारणपणे ५ ओहमच्या आसपासचा असतो आणि संगणक त्याला तुटक विद्युतप्रवाह देऊन क्लचचा दाब थोडाथोडा वाढवत नेतो. त्याला सरळ १२ व्होल्ट दिले तर क्लच धक्क्याने लागेल आणि सोलेनॉइडही जळू शकेल. वॉरंटी जाईल, ते वेगळेच. आपण लीव्हर मॅन्युअल बाजूला घेऊन गिअर धरून ठेवावा. अनेक नव्या गाड्यांत तेवढ्याने संगणक लॉक-अपही अधिक काळ टिकवतो.

प्रश्न : स्विच बसवण्याआधी गिअरबॉक्सचे ऑइल बदलावे का? — एक वाचक, काटोल

उत्तर : बदलावे, पण आधी चेंबर उतरवून त्यातील लोहचुंबक पाहावा. त्यावर बोटाला लागेल असा राखाडी, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोल्ट उघडून निथळलेले ऑइल एकूण ऑइलच्या निम्म्याहून कमीच असते, कारण बरेचसे कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. तेव्हा काही दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा बदलावे. चुंबकावर चमकणारे कण किंवा कपच्या दिसल्या आणि ऑइल काळे पडून त्याला जळका वास येत असेल, तर स्विचचा विचार बाजूला ठेवून गिअरबॉक्स उघडावा लागेल.