मेलबर्नला पीएचडीसाठी यायचंय? आधी प्रस्ताव बदल

एम.एस्सी. झाली, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात) प्रोजेक्ट केला, आता स्तनाच्या कर्करोगात बीसीएल-२ हे प्रथिन रोखण्यावर मेलबर्नला पीएचडी करायची आहे. अर्ज कसा करू आणि नवऱ्याला सोबत आणता येईल का, असं तू विचारलंस.

गाव बरोबर निवडलंस. बीसीएल-२ पेशींना मरू देत नाही, हे डेव्हिड व्हॉक्स, सुझन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी १९८८ मध्ये इथल्याच वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत दाखवलं. त्याला रोखणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झालं. मग इथल्याच जेफ लिंडमन आणि जेन व्हिसव्हेडर यांच्या गटाने ते टॅमॉक्सिफेन या हार्मोनविरोधी औषधासोबत स्तनाच्या कर्करोगात वापरून पाहिलं. सुरुवातीचे निकाल चांगले होते.

तुझा प्रस्ताव इथवरच येऊन थांबतो, आणि मला तेच खटकलं. पुढे व्हेरोनिका चाचणी झाली. सीडीके४/६ रोधक (पेशींचं विभाजन अडवणारी औषधं) घेऊनही आजार वाढलेल्या १०३ रुग्णांमध्ये फुलव्हेस्ट्रन्ट या दुसऱ्या हार्मोनविरोधी औषधाला व्हेनेटोक्लॅक्स जोडून फायदा दिसला नाही. मुलाखतीत यावर विचारणारच. बीसीएल-२ अडवलं तरी पेशी एमसीएल-१ या त्याच्याच भाऊबंद प्रथिनाच्या जोरावर तगून राहू शकते. एमसीएल-१ रोखायला जावं तर हृदयावर परिणाम दिसल्याने काही चाचण्या थांबवाव्या लागल्या. मी तुझ्या जागी असते तर या कोंडीवरच प्रस्ताव लिहिला असता.

किंवा पीआय३के-एकेटी मार्ग बघ, म्हणजे पेशीला वाढायचा संदेश देणारी प्रथिनांची साखळी. तिथे औषधं रुग्णांपर्यंत पोचली आहेत: अमेरिकेत अल्पेलिसिब २०१९ मध्ये, कॅपिव्हासर्टिब २०२३ मध्ये मंजूर झालं. पण इन्सुलिनचा संदेशही याच मार्गाने जातो, त्यामुळे अल्पेलिसिबने रक्तातली साखर चढते. आपल्याकडे घरटी एक मधुमेही असताना हा प्रश्न भारतातून आलेल्या मुलीने विचारला तर शोभेलच. (शुगरची तपासणी आपल्याला कुणी शिकवायला नको!)

आता व्यवहाराचं. आधी गाइड मिळव, फॉर्म नंतर. काम संस्थेत केलं तरी पदवी मेलबर्न विद्यापीठाची मिळते. शिष्यवृत्ती नसेल तर येऊ नकोस, फी झेपणार नाही. नवरा तुझ्या व्हिसावर येऊ शकतो आणि तू पीएचडी सुरू केलीस की पूर्णवेळ नोकरी करू शकतो. आरोग्य विमा मात्र दोघांचा घ्यावा लागतो, तो खर्च आधीच धर. घर ब्रन्सविक किंवा कोबर्गला बघ. १९ नंबरची ट्रॅम थेट रॉयल परेडवर, संस्थेच्या रस्त्यावर, आणून सोडते.

एक गोष्ट गाइडला पहिल्याच कॉलवर विचार: उंदरांवर काम करावं लागेल का? इथे बऱ्याच प्रकल्पांत करावं लागतं, आणि ते सगळ्यांना जमतंच असं नाही.