वाचकांचे प्रश्न : रात्री दोन वाजता सिंकखाली पाणी

प्रश्न : दादा, आम्ही न्यू जर्सीत राहतो, मागच्या वर्षी सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला, २००९ चा आहे. आई-बाबा पुण्याहून आलेत म्हणून त्यांना घेऊन पेनसिल्व्हेनियात डोंगराच्या पायथ्याशी एका कॅम्पग्राउंडवर गेलो. तिथल्या नळाला होज लावला, दुसरं टोक ट्रेलरला, झालं काम. बाबा तर शॉवर घेऊन आले आणि म्हणाले वा, काय प्रेशर आहे! रात्री दोनला आई उठली तर पायाखाली पाणी, सिंकखालचा पाईपचा पांढरा प्लास्टिकचा एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, निसटलेला आणि अख्खं कपाट भिजलेलं. सकाळी ऑफिसात सांगितलं तर म्हणे पाण्याचं प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर नव्हता ना, मग आम्ही काय करणार. आता रेग्युलेटर घेतोय पण ठेवायचा कितीवर? कोणी ४० सांगतं कोणी ६०. आणि संध्याकाळभर नीट चाललं, मग रात्रीच कसं फुटलं?

उत्तर : आधी आकडा सांगून टाकतो, ४५ पीएसआयला (पीएसआय म्हणजे चौरस इंचाला किती पाउंड दाब ते माप) ठेवा, ५० पर्यंत चालेल, ६० च्या वर जाऊच नका. ट्रेलरमधला जो स्वतःचा १२ व्होल्टचा पंप असतो ना तोही साधारण ४५ ते ५५ ला आपोआप बंद होतो, म्हणजे आतली सगळी जोडणी तेवढ्याच हिशोबाने केलेली असते.

बाबांचं वाक्य वाचून हसू आलं, कारण आपण सगळे तसेच. गच्चीवरच्या टाकीखाली वाढलेली माणसं आपण, टाकी १० मीटर वर असेल तर नळाला मिळतं १ किलो प्रेशर, म्हणजे १४ पीएसआय, त्यामुळे जोरात पाणी आलं की आपल्याला चैन वाटते, धोका वाटतच नाही. आपल्या प्लंबरच्या भाषेत ४५ पीएसआय म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास, तेवढ्यात बाबा खूश राहतील, काळजी नको.

आता रात्रीचं. तुम्ही म्हणताय कॅम्पग्राउंड पायथ्याशी होतं, तर पाण्याची टाकी बहुतेक वर डोंगरावर असणार. दर २.३१ फुटाला १ पीएसआय धरतात, म्हणजे टाकी २०० फूट वर असेल तर खाली ८६ पीएसआय झालं. संध्याकाळी सगळे आंघोळी करतायत भांडी धुतायत, वाहत्या पाण्याचं प्रेशर लांबच लांब पाईपमध्ये घासून घासून कमी होतं, तुमच्यापर्यंत ५०-५५ च पोचत असेल. रात्री सगळे नळ बंद झाले की तो पूर्ण जोर तुमच्या एल्बोवर येऊन बसतो. अमेरिकेत घरांसाठी नियमच आहे की ८० च्या वर प्रेशर असेल तर रेग्युलेटर लावायचा, आणि ट्रेलर तर घरापेक्षा नाजूक, वर रस्त्याने हादरे खात आलेला.

पाईपला दोष देऊ नका. तो पेक्सचा, म्हणजे लवचिक प्लास्टिकचा असेल तर त्याच्यावरच छापलेलं असतं, ७३ डिग्री फॅरनहाइटला १६० पीएसआय आणि १८० डिग्रीला १००. सुटतं ते सांध्यात, ते प्लास्टिकचे नट आणि आतला शंकूसारखा कोन वॉशर. एकदा सगळे सांधे कोरड्या टिश्यूने पुसून बघा, ओला झाला की कळलं. नट हातानेच आवळा, पान्याने पिळलात तर चीर जाते आणि मग नवीनच दुखणं.

रेग्युलेटर लावायचा तो नळाच्या तोंडाशी, ट्रेलरच्या बाजूला नाही, नाहीतर होज बिचारा पूर्ण प्रेशर खात उन्हात पडून राहतो. गेजवालाच, म्हणजे प्रेशरचा आकडा दाखवणारा घ्या, आणि आकडा ट्रेलरमधले सगळे नळ बंद करून बघा, कारण नळ चालू असताना गेज कमीच दाखवतो आणि माणूस फसून प्रेशर वाढवायचा स्क्रू अजून पिळतो. फिरायला बाहेर पडताना बाहेरचा नळ बंद करायचा, मी तर रात्री झोपतानाही करतो, बायको हसते तरी.

प्रश्न : आमच्याकडे रेग्युलेटर आहे, गेज ४५ दाखवतो, तरी शॉवरला करंगळीएवढी धार. शिवाय गरम पाणी चालू केलं की हीटरच्या बाहेरच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळतं. प्रेशर वाढवू का?

उत्तर : नका वाढवू. प्रेशर आणि धार या दोन गोष्टी वेगळ्या. छोटा पितळी फिक्स्ड रेग्युलेटर असेल तर त्याचं भोकच बारीक असतं, ॲडजस्टेबल घेतलात की त्याच ४५ ला धार सुधारते. त्याआधी रेग्युलेटरची जाळी काढून बघा, वाळूने भरलेली सापडते बऱ्याचदा.

थेंबांचं म्हणाल तर पाणी तापलं की फुगतं, आणि ट्रेलरच्या इनलेटला उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो त्यामुळे त्याला मागे सरकायला जागा नाही. हीटरच्या टाकीत वर थोडी हवा असते ती हे फुगणं झेलते, हळूहळू ती हवा पाण्यात विरघळून संपते आणि १५० पीएसआयला उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह ठिबकायला लागतो. हीटर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्या (घाई केलीत तर हात भाजेल), बाहेरचा नळ आणि पंप बंद करा, आतला गरम पाण्याचा नळ उघडा, मग व्हॉल्व्हचा दांडा वर करून पाणी वाहायचं थांबेपर्यंत धरा आणि सोडताना तो चटकन आपोआप बसू द्या. एवढं करूनही गळत राहिलं तर व्हॉल्व्ह बदला, पण त्याच्या तोंडाला बूच मात्र कधीही ठोकू नका.